अमेरिका कुठून वाचायची?



अमेरिकेचं राजकारण वाचायचं तर सुरुवात कुठून करायची, एवढंच सांगायला उभा आहे. मी मॅट्रिक. गोदीत बोजा उचलतो. प्राध्यापकी यादी माझ्याकडे मागू नका.

वाचनालयात आधी हाताला लागतात ती राष्ट्राध्यक्षांची जाडजूड चरित्रं. ठेवून द्या. लिंकननं गुलाम सोडवले म्हणे. सगळं कुणीतरी वरून दिलेलं! ज्यांच्या पाठीवर वळ होते, ते तिथं नुसते हात जोडून उभे.

पहिलं घ्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन, १८४५ सालचं. पातळ आहे. मालकिणीनं मुळाक्षरं शिकवायला घेतली, मालकानं बंद पाडलं. मग हा पोरगा बाल्टिमोरच्या जहाजबांधणीच्या आवारात सुतारांनी लाकडांवर घातलेल्या खुणा बघून लिहायला शिकला. जहाजाच्या डाव्या बाजूच्या लाकडावर एल, उजव्या बाजूच्या लाकडावर एस. हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पेट्यांवरच्या शिक्क्यांकडे मी नुसता बघतच राहिलो. पुढं अशाच एका आवारात गोरे सुतार काळ्यांबरोबर काम करायला नकार देतात, आणि गोरे शिकाऊ कामगार याला डोळा जायची पाळी येईपर्यंत मारतात. कामगारच कामगाराला मारतो. का?

उत्तर डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइसकडे आहे. 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका', १९३५. ग्रंथ धोंड्याएवढा, पण घाबरू नका. आधी पहिली चार प्रकरणं वाचा. यादवी युद्धात गुलाम मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे निघाले, त्याला हा माणूस सार्वत्रिक संप म्हणतो. आणि पुढं सांगतो : गोऱ्या मजुराला पैसे कमी मिळाले तरी वर गोरेपणाचा मान मिळतो, तीही एक मजुरीच. आमच्याकडं युनियन एक, झेंडा एक, आणि डबा खायला बसायची सावली मात्र वेगळी. हे कोडं मला या पुस्तकानं उलगडून दिलं.

१८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली : वर्णावरून मत नाकारायचं नाही. त्याच साली हायरम रेव्हल्स हा काळा माणूस मिसिसिपीतून सिनेटमध्ये बसला. १८७७ साली दक्षिणेतल्या सरकारांमागची फौज काढून घेतली. मग आले मतदानावरचे कर, वाचनाच्या परीक्षा, झुंडींचे फास. दुरुस्ती कागदावर जशीच्या तशी! १९६५ साली मतदान हक्काचा कायदा करावा लागला, आणि २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याचा कणाच काढला. 'घटनेत आहे ना, मग झालं' म्हणणाऱ्या आपल्यातल्या साहेबांना ही प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा.

हे कपाट परकं नाही. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यु बॉइसना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं, ते १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या दहा कलमांत काम, घर, शिक्षण, पोलिसी जुलूम, सगळं आहे. नाव घेतलं, कलमं किती जणांनी वाचली? हात वर करा. बघा!

इंग्रजी अडतं, मलाही अडतं. रविवारी डिक्शनरी मधे ठेवून बसू. ड्यु बॉइसची प्रत सध्या माझ्या कार्डावर आहे. शनिवारी पहिली पाळी सुटली की गोदीच्या गेटवर या, पुढच्याला देतो.