तोफेमागचे गणित : जनरल रॉड्रिग्ज



सेनापती म्हटला की तलवार आणि घोडा डोळ्यांसमोर येतो. आज ज्यांचे चरित्र मी सांगणार आहे, त्यांचे शस्त्र मात्र गणितावर चालणारे होते.

जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज यांचा जन्म १९३३ साली मुंबईत, मूळ गोव्याच्या कुटुंबात झाला. १९४९ मध्ये ते डेहराडूनच्या संयुक्त सैनिकी प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. हीच संस्था पुढे खडकवासल्यास आली. डिसेंबर १९५२ मध्ये ते तोफखान्यात अधिकारी झाले.

तोफ डागणाऱ्याला लक्ष्य बहुधा दिसतच नाही. ते टेकडीपलीकडे, कित्येक मैलांवर असते. पुढे गेलेला निरीक्षक त्याचे ठिकाण कळवितो. मागे अंतर, दिशा, वारा, तापमान यांचा हिशोब होतो, मगच तोफ धडाडते. आकडा चुकला तर गोळा आपल्याच जवानांवर पडू शकतो. असे निरीक्षण लहान विमानातूनही होई. १९६४ ते १९६९ या काळात रॉड्रिग्ज तोफखान्याचे वैमानिक होते. १९९० ते १९९३ ते लष्करप्रमुख होते, तर २००४ ते २०१० पंजाबचे राज्यपाल. ४ मार्च २०२२ रोजी ते निवर्तले.

पालकहो, "गणित जमत नाही, तर सोडून दे," असे आपण मुलांना सहज सांगतो. खडकवासल्याच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत, आणि २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. मंगरूळपीरहून तेथे जाणारी वाट गणिताच्या वहीतूनच जाते. ती वही मिटू देऊ नका, एवढीच विनंती.