बाप्तिस्मा आणि तारण

बाप्तिस्म्याच्या पाण्यावाचून माणसाचे तारण होते काय? ख्रिस्ती धर्मशास्त्रातील हा वाद फार जुना आहे आणि त्याचे मूळ शास्त्रातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाणी व आत्मा यांपासून होणाऱ्या नव्या जन्माची अट घालतो. लूकाच्या शुभवर्तमानात मात्र शेजारच्या वधस्तंभावरील अपराध्याला तो त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन देतो. त्या अभाग्याला पाणी कोठून मिळणार?

इ. स. ३९२ मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच मृत्यू पावला. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी त्याच्या शोकाकुल बहिणींचे सांत्वन केले ते असे, की ज्याने कृपा मागितली त्याला ती लाभलीच. पुढे १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा तारणास आवश्यक ठरविला. पण त्याच वर्षी बाप्तिस्म्याच्या इच्छेलाही तिने स्थान दिले. अनेक प्रॉटेस्टंट पंथांच्या मते तारण श्रद्धेने होते. बाप्तिस्मा ही त्या श्रद्धेची आज्ञाधारक साक्ष होय. क्वेकर आणि मुक्तिफौज यांनी तर जलसंस्कार ठेवलाच नाही.

श्रोतेहो, आपल्याकडे हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नाही. हिंदू घरातील माणसाने ख्रिस्तावर मनातून श्रद्धा ठेवली, तर घर बहुधा तसेच राही. डोक्यावर पाणी पडले की ते तुटे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. १९१९ साली ते निवर्तले.

पाणी निरर्थक असते, तर त्यासाठी एवढे मोल कोणी दिले नसते. पण तेच सर्वस्व मानले, तर ज्याची वाट परिस्थितीने वा मृत्यूने अडविली, त्याला देवानेही अव्हेरले असे म्हणावे लागेल. विधीचे बंधन माणसाला आहे, देवाच्या दयेला नाही, एवढा विवेक या दोन टोकांच्या मध्ये उरतो. टिळकांनी त्या पाण्याची पुरती किंमत मोजली होती. म्हणूनच, ज्यांना ती मोजता आली नाही त्यांच्यासाठी त्यांनी दार उघडे ठेवले, याला विशेष अर्थ आहे.