मोळीवाली सापडते, कंपनी कुठे सापडते?

(अल्लीपूर येथे ग्रामसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



सरपणाची मोळी आणताना वनरक्षक दिसला की छातीत धडधडतं. मोळी जाते, कुऱ्हाड जप्त होते, वर दंड. मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "अन् कंपनीनं मशीन लावून अख्खं जंगल साफ केलं, तर तिले कोण पकडते?" आज त्याचंच बोलते.

जंगल म्हणजे फक्त बोरचा वाघ नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यासह पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हीसुद्धा वनजमीनच, असं सुप्रीम कोर्टानं 22 मे 2025 ला सांगितलं. आपण शेळ्या नेतो ती पडीत कागदावर झुडपी असू शकते. तिथे केंद्राच्या मंजुरीशिवाय खाण नाही, कारखाना नाही.

अन् मोडलं तर? 1980 च्या वन कायद्यात शिक्षा आहे जास्तीत जास्त 15 दिवस साधी कैद. दंड लिहिलेलाच नाही. सरकारी खात्याच्या प्रमुखाला जबाबदार धरायचं कलम आहे, कंपनीच्या संचालकांसाठी तसं वेगळं कलम नाही. कंपनीला काय हात-पाय आहेत, बेड्या घालायला? मग हाती लागतो तो जेसीबीचा ड्रायव्हर. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

1986 चा पर्यावरण कायदा बरा. त्यात कंपनीचा कारभार ज्याच्या हाती, तोही दोषी. त्याच कायद्याखाली राज्य सरकारनं नोव्हेंबर 2011 मध्ये मुळशीतल्या लवासा कंपनीवर आणि संचालकांवर पुण्याच्या कोर्टात खटला भरला. पर्यावरण मंजुरी न घेता डोंगरात बांधकाम केल्याचा आरोप होता. गंमत बघा, काही दिवसांतच केंद्राची मंजुरीही मिळाली!

आता 2023 च्या जन विश्वास कायद्यानं या कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढली. 10 हजार ते 15 लाख दंड ठेवला. तो भरलाच नाही तर कैद. 15 लाख आपल्या गटाला डोंगराएवढे, खाणवाल्याला किरकोळ खर्च.

म्हणून तक्रार करताना जेसीबीवाल्याच्या नावावर थांबू नका. कंपनीचं नाव, संचालकांची नावं, गट नंबर, तारखेसह फोटो, ग्रामसभेचा ठराव, सगळं जोडा. अर्ज वनविभागात द्या, प्रत तहसीलदारांना. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या गावच्या झुडपी जमिनीचा सातबारा तलाठ्याकडून काढून आणा.