दोष हाताचा नव्हे

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं सत्र आहे आणि जेवणात उकडीचे मोदक होते. तेव्हा अर्ध्या सभेचे डोळे मिटलेले असणार, हे धरूनच मी उभा राहिलो आहे. समितीने मला वेळ दिला वीस मिनिटं आणि विषय माझ्यावरच सोपवला. मी निवडलेला विषय आहे, लॅपटॉपच्या कीबोर्डखाली असतो तो गुळगुळीत चौकोन. त्याला टचपॅड म्हणतात, काही जण ट्रॅकपॅड म्हणतात. हसू नका. या स्मरणिकेसाठी लेख गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला जे नकार आले त्यातल्या बऱ्याच नकारांच्या मुळाशी हा तळहाताएवढा चौकोन होता.

तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की मी तालुक्याच्या गावी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द, आणि शब्द म्हणजे पाच ठोके, हा हिशोब माझ्या रक्तात आहे. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. त्यांचीच जुनी यंत्रं माझ्याकडे होती. क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी एकच नियम सांगायचो : मनगटं टेकवायची नाहीत. हात पेटीवादकासारखे वर हवेत, बोटं तेवढी कळांवर. मुलं कुरकुरायची. पण त्या यंत्राचा एक मोठा गुण होता. जी कळ दाबाल तेच अक्षर, आणि गाडी जिथे उभी आहे तिथेच ते उमटणार. तुमचा हात चुकून यंत्राच्या कडेला लागला, म्हणून चौथ्या ओळीतलं अक्षर कधी नवव्या ओळीत गेलं नाही.

लॅपटॉपवर नेमकं तेच होतं. आपण एक वाक्य लिहीत असतो, आणि ध्यानीमनी नसताना कर्सर टुणकन दोन परिच्छेद वर जातो. आपलं लक्ष कळांकडे असतं. मान वर करून बघावं तर ‘आमच्या शाळेच्या पटांगणात’ लिहिल्यावर पुढचं ‘वडाचं झाड होतं’ हे मुख्याध्यापकांच्या नावाच्या मध्ये जाऊन बसलेलं.

मराठीत तर याचा त्रास दुप्पट. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, एखादं भलतीकडे गेलं तर तेवढंच खोडायचं. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी ही अक्षराला चिकटून राहणारी. संगणकात ‘कि’ लिहिताना वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप होते ती अक्षराच्या नंतर. ‘क’ टाइप केला आणि तेवढ्यात कर्सर पळाला, तर ती वेलांटी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते. ज्याला आधीच काना आहे अशा अक्षरामागे ती गेली, तर बिचारी अधांतरी राहते आणि तिच्याखाली ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल.

आता हे होतं का, ते सांगतो. थोडं विज्ञान आहे, पण आपल्या विज्ञानाच्या सरांसमोर बोलतोय म्हणून सोपं करून सांगतो, म्हणजे माझे गुण कापले जाणार नाहीत.

लोकांना वाटतं टचपॅडला दाब कळतो. मुळात त्याला कळते ती बोटाची जवळीक. वरच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते आणि त्यात सूक्ष्म विद्युतभार खेळवलेला असतो. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. बोट जवळ आलं की त्या जागचा भार किंचित बदलतो. यंत्र दर सेकंदाला कितीतरी वेळा सगळी जाळी तपासतं आणि बदल कुठे झाला ते टिपतं. म्हणूनच तिथे जोर लागत नाही. नुसता ओझरता स्पर्श झाला तरी त्याला वाटतं, मालकांनी टिचकी मारली. टिचकी म्हणजे क्लिक, आणि क्लिक म्हणजे बाण जिथे असेल तिथे कर्सर हजर.

मग तळहात लागला तर? यंत्र अंदाज बांधतं. डाग मोठा आणि पसरट असेल तर तळहात, लहान आणि गोल असेल तर बोट. नुकतीच कळ दाबली गेली असेल तर पुढचा क्षणभर आलेला स्पर्श सोडून द्यायचा, असंही त्याला शिकवलेलं असतं. पण अंगठ्याच्या बुंध्याची कड टेकली, तर तिचा डाग लहान आणि गोलच पडतो. आणि आपल्यासारखा सावकाश टाइप करणारा माणूस दोन अक्षरांमध्ये विचार करायला थांबतो. तेवढ्या वेळात यंत्राने धरलेला तो क्षण संपून जातो. म्हणजे भरभर टाइप करणाऱ्या नातवाला जे यंत्र सांभाळून घेतं, ते आजोबांना घेत नाही. यात आजोबांचा काही दोष नाही.

आणि हा चौकोन तिथे आला कसा? १९९१ साली ॲपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे, पडद्याच्या बाजूला सरकवला. पुढे हात टेकायला जागा केली आणि तिच्या मधोमध बाण हलवणारा एक गोळा बसवला. १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत त्या गोळ्याच्या जागी टचपॅड आलं. पुढे जवळपास सगळ्यांनी हीच मांडणी उचलली आणि हळूहळू चौकोन मोठा होत गेला. आयबीएमने १९९२ च्या थिंकपॅडमध्ये वेगळी वाट धरली होती. जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात लाल टोपीची एक छोटी दांडी. ती कुणाच्या तळहाताखाली येत नव्हती. पण चलती झाली ती टचपॅडची. थोडक्यात, ज्या जागी हात टेका म्हणून यंत्र बोलावतं, त्याच जागी हात लागला तर घोटाळा होईल असं साधन बसवलेलं आहे.

आता मी जे सांगणार आहे ते बाईंची परवानगी घेऊन सांगतो. मराठीच्या आपल्या बाई इथे पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. वय ८४. शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांवर त्यांच्याकडून लेख हवा, अशी आपल्या सगळ्यांची इच्छा होती. बाईंनी होकार दिला. नातीने दिलेल्या लॅपटॉपवर त्या हौसेने टाइप करायला शिकल्या होत्या. महिना गेला, दोन महिने गेले. मग मला त्यांचं पत्र आलं. कागदावर, शाईच्या पेनाने लिहिलेलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आता आपल्याकडून लेख होणार नाही. डोकं जागेवर राहत नाही, एका गोष्टीतलं वाक्य दुसऱ्याच गोष्टीत जातं, लिहिलेला परिच्छेद सापडत नाही. घरच्यांनाही काळजी वाटू लागली आहे आणि डॉक्टरांकडे न्यायचं चाललं आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं. दोन पानी पत्र. एक खाडाखोड नाही, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. शेवटी माझ्या अक्षरावर एक टोमणाही होता, ४५ वर्षांपूर्वीच्या टोमण्याशी तंतोतंत जुळणारा. ज्या बाईंचं मन कागदावर इतकं सरळ चालतं, ते पडद्यावरच तेवढं भरकटावं, हे मला पटेना. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो.

बाईंना म्हटलं, “तुम्ही तुमचं टाइप करा, मी नुसता बसतो.” त्या लिहायला लागल्या. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. क्लासमध्ये तीस वर्षं केलं तेच केलं, हात पाहिले. बाई एका बोटाने टाइप करतात. उजव्या हाताची तर्जनी कळ शोधते आणि डाव्या हाताचा अंगठा विश्रांतीला खाली टेकतो, बरोबर त्या चौकोनाच्या कडेला. अंगठा टेकला की कर्सर उडाला. कधी अंगठा दोनदा लागून किंचित सरकायचा, की पाच-सहा ओळी निळ्या व्हायच्या, आणि पुढची कळ दाबली की त्या सगळ्या ओळी गायब. सापडत नसलेले परिच्छेद ते हेच.

मी एका जुन्या वहीचा जाड पुठ्ठा दुहेरी करून त्या चौकोनावर ठेवला. साधा कागद चालत नाही, त्यातून स्पर्श पोचतो. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. एक ओळ, दोन ओळी, अख्खा परिच्छेद. सगळं जागच्या जागी. बाई थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “म्हणजे अरे, मी ठीक आहे?” मित्रांनो, त्या प्रश्नाला उत्तर देताना माझा आवाज नीट निघाला नाही.

त्यांच्या सुनेने त्या दिवशी एक गोष्ट बोलून दाखवली. लेखाच्या गोंधळामुळे बाईंना औषधांच्या गोळ्या स्वतःहून घेऊ देणं घरच्यांनी बंद केलं होतं, बँकेचं पासबुकही काढून घेतलं होतं. प्रेमापोटीच. आता दोन्ही परत बाईंच्या कपाटात आहे, आणि बाईंचा अकरा पानांचा लेख या स्मरणिकेत आहे.

म्हणून आज हे सगळं जाहीरपणे सांगतोय. तुमच्याकडे असं होत असेल तर करायचं काय, ते क्रमाने ऐका. लिहून घेतलंत तरी चालेल.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वेगळा माउस लावा आणि टचपॅड बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टचपॅडचं पान असतं. माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचं का, असा तिथे एक चौकोन आहे, त्यातली बरोबरची खूण काढा. मॅकमध्येही अशी सोय आहे. माउस नको असेल तर त्याच पानावर संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या आहेत, तिथे ‘कमी’ निवडा. आणि टिचकीने क्लिक होण्याची सोय बंद करा. मग क्लिकसाठी पॅड खरोखर दाबावं लागतं, नुसत्या स्पर्शाने कर्सर जागचा हलत नाही. मजकूर गायब झालाच, तर घाबरून दुसरी कळ दाबू नका. कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा, गेलेलं परत येतं.

आपल्या कोकणातल्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. ओले किंवा घामेजलेले हात त्या पॅडला गोंधळात टाकतात, तेव्हा जवळ एक सुकं फडकं ठेवा. आणि चार्जर लावल्यावरच बाण थरथरत असेल, काढल्यावर शांत होत असेल, तर जुन्या घराचं अर्थिंग तपासून घ्या.

एक धोक्याची सूचनाही देतो. पॅड वर उचलल्यासारखं दिसलं, किंवा ते दाबणं अचानक कठीण झालं, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी सेटिंगशी खेळत बसू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि जाणकाराकडे न्या.

आणि एक सावधगिरी, नाहीतर आमचे डॉक्टर मित्र मला धरतील. विसरण्याचं सगळं खापर यंत्रावर फोडू नका. कागदावर लिहितानाही वाक्यं हरवत असतील, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण आधी कागदावर लिहून बघा. तेवढी परीक्षा आपली आपल्याला घेता येते.

आपण सगळे साठीच्या पुढे आलो. या वयात एक खोड लागते, जे काही बिघडेल त्याची पावती वयाच्या नावाने फाडायची. ‘आता आपल्याच्याने नाही होत’ म्हणून आपण पेन खाली ठेवतो, मुलं ‘असू दे बाबा’ म्हणतात, आणि एक माणूस लिहायचा थांबतो. या वर्षी मला ज्यांनी नकार दिले त्यांची यादी माझ्या खिशात आहे. नावं वाचत नाही, नजर चुकवणारे आपोआप कळतायत. पुढच्या अंकाच्या वेळी मी तुमच्या घरी येणार आहे. चहा पाजा, लॅपटॉप उघडा आणि टाइप करायला बसा. मी तुमचे हात बघेन. आणि लॅपटॉप नकोच असेल तर बाईंसारखं शाईच्या पेनाने लिहा, टाइप मी करीन. मनगटं वर ठेवून.