नखासच्या बाजारातील जुनी हत्यारे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या पुढाकाराने १९२६ साली ज्या शहरात संगीताचे विद्यालय उभे राहिले, त्या शहरातील मराठी मंडळींपुढे रंधे, पटाश्या आणि पाने ह्यांचे पुराण लावणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु मराठी माणूस घराबाहेर पडला तो काही केवळ तंबोरा घेऊन नव्हे. विटा-खानापूर भागातील गलाई बांधव मूस आणि चिमटा घेऊन उत्तरेकडच्या सराफ्यांतून पसरले. कोणी रेल्वेच्या कारखान्यात आले, कोणी यंत्रशाळेत. त्यांच्यासोबत आलेल्या हत्यारांच्या पेट्या आज आपल्या माळ्यांवर पडून आहेत. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मुलाबाळांकडून आपण 'गॅरेज सेल' हा शब्द ऐकतो. शनिवारी सकाळी मोटारखान्याचे दार उघडायचे आणि नको असलेल्या वस्तू दारातच मांडायच्या. घरातील वडीलधारे गेले की तर सबंध घरच किमतीच्या चिठ्ठ्या लावून खुले करतात. त्याला 'इस्टेट सेल' म्हणतात. तेथे उत्तम हत्यारे कवडीमोलाने मिळतात असे तिकडून आलेले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. आपल्याकडे स्वतःच्या दारात स्वतःचा संसार विकायला मांडणे हे दिवाळे निघाल्याचे लक्षण समजले जाते. त्यामुळे आपण तेच काम कबाड्याकडून करवून घेतो. तो आपली लाज राखतो आणि त्याचा मोबदला तराजूतून वसूल करतो. हत्यार आपल्या दारातून बाहेर पडते ते वजनाने. बाजारात विकले जाते ते नगाने. ह्या दोहोंमधील अंतर म्हणजेच जुन्या हत्यारांचा सगळा व्यापार होय.

लखनौत हा व्यापार पाहायचा तर रविवारी नखासला जावे. ह्या शब्दाचा मूळ अर्थच गुलामांचा व जनावरांचा बाजार असा आहे. आज पक्ष्यांच्या पिंजऱ्यांसाठी तो अधिक प्रसिद्ध असला तरी रविवारी रस्त्याच्या कडेने जुन्यापुराण्या वस्तूंच्या पथाऱ्या पसरतात. जानकीपुरमहून आम्ही दोघेतिघे स्नेही गोमती ओलांडून सकाळीच तेथे पोहोचतो. ज्यांनी पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार पाहिला आहे, त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. फरक एवढाच, की येथे घासाघीससुद्धा अदबीने चालते. आपण निम्मी किंमत सांगितली तर विक्रेता रागावत नाही. आपल्या अज्ञानाची त्याला कीव येते, आणि तीही तो मोठ्या मार्दवाने व्यक्त करतो.

आता काय पाहावे? तांबूस गंजाला भिऊ नये. वरवरचा गंज रॉकेलने आणि घासणीने निघतो. सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वाच्या, पाण्यात काही तास ठेवल्यास आणखी सहज निघतो. मात्र विसरून दोन दिवस ठेवू नये, आणि काढल्यावर पुसून लगेच तेलाचा हात फिरवावा. भ्यावे ते गंजाच्या खड्ड्यांना. पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याच्या सपाट पाठीवर, धारेजवळ असे खड्डे असतील, तर ते घासून निघेपर्यंत धार कधीच सलग लागणार नाही. त्याहून वाईट म्हणजे निळे पडलेले पाते. कोणी तरी ते सहाणयंत्रावर दाबून धरले आणि तापवून त्या पोलादाचे पाणी उतरवले, असा त्याचा अर्थ. असे पाते पुन्हा पाणी दिल्यावाचून धार धरत नाही, आणि आता पाणी देणारा लोहार शोधायला कोठे जायचे?

रंधा उलटा करून त्याच्या तळाला पोलादी पट्टी लावावी आणि उजेडाकडे धरावा. फट दिसली तर समजावे. तोंडाजवळ ओतीव लोखंडाला चीर असेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी खाली ठेवावा. मूठ मोडकी असल्यास मात्र उलट आनंद मानावा. मूठ लाकडाची असते, नवी करता येते, आणि किंमत पाडून मागण्यास तिच्याइतके चांगले निमित्त नाही. लोखंडी रंध्याची जी रचना आज सर्वत्र दिसते ती लेनर्ड बेली ह्या अमेरिकन कारागिराची. त्याची एकस्वे स्टॅनले कंपनीने १८६९ साली घेतली. शेफील्डच्या 'रेकॉर्ड'ने १९३०च्या सुमारास त्याच धर्तीचे रंधे काढले. ही दोन्ही नावे नखासच्या पथारीवर कधीमधी धुळीखालून डोके वर काढतात. जुन्या पटाशीवर 'कास्ट स्टील' अशी मुद्रा असली तर ती ओतीव लोखंडाची समजून टाकून देऊ नये. अठराव्या शतकात शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची जी रीत बसवली, त्या मुशीच्या पोलादाची ती खूण आहे. आमच्या गलाई बांधवांना हे ऐकून बरे वाटेल.

विलायती नावांचाच सोस धरावा असे मात्र नाही. नाशिकच्या टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडिश सहकार्याने पकडी-पाने काढले, आणि त्या जुन्या मालातील पकड आजही घट्ट बसते. मीरतच्या कात्रीविषयी तर इकडे म्हणच आहे : 'दादा ले, पोता बरते.' ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून तिची पाती होतात, आणि २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली पान्यांची. जुन्या इंग्रजी पान्यांवर व्हिटवर्थ मापे असतात. ती जबड्याची रुंदी सांगत नाहीत, बोल्टाची जाडी सांगतात. आपल्या देशात १९५६च्या कायद्यानंतर दशमान मापे आली. आजच्या नटाला तो सुरेख पाना एक तर सैल होतो किंवा बसतच नाही. दहा रुपयांत मिळाला म्हणून घेतलेले असे पाने स्वस्त नव्हेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्या हत्यारावर रेल्वेची मुद्रा ठोकलेली असेल, त्याला हात लावू नये. चोरीची शंका घेण्याजोगी रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ती वस्तू आपली नव्हे.

विकत घेण्याविषयी एवढे पुरे. ह्या विषयाची दुसरी बाजू आपल्या स्वतःच्या घरातली आहे. गेल्या वर्षी आमच्याच वसाहतीतील एक वयोवृद्ध फिटर निवर्तले. मुले बंगळूर आणि टोरांटोला. तेराव्यानंतर घर बंद करायचे ठरले आणि माळ्यावरची पेटी कबाड्याच्या काट्यावर चढली. काकूंनी आम्हांला हाक मारली म्हणून बरे. आम्ही एक दिवसाची मुदत मागून घेतली. पेटी उघडली तर प्रत्येक पटाशीच्या टोकावर कापडाची टोपी शिवलेली, कानशी एकमेकींवर घासू नयेत म्हणून वेगवेगळ्या मेणकापडात गुंडाळलेल्या. हे सारे लोखंडाच्या भावाने जाणार होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. विमानात पेटी कशी न्यायची, आणि नेऊन करायचे काय?

जवळच्या एका बांधकामावर सीतापूरकडचा एक तरुण सुतार काम करीत होता. त्याला बोलावले. त्याने पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने रंधे आणि पटाश्या घेतल्या, तीन हप्त्यांत पैसे दिले, आणि ती रक्कम कबाड्याच्या सबंध पेटीच्या बोलीहून अधिक भरली. व्हाइस एका सायकल-दुरुस्तीवाल्याकडे गेला. ओळंबा मात्र काकूंनी दिला नाही. तो कशाला हवा, असे आम्हीही विचारले नाही.

तेव्हा मंडळाला आमची विनंती एवढीच आहे, की कार्यालयातील फलकाचा एक कोपरा ह्या कामासाठी राखून ठेवावा. कोणाच्या घरी अशी पेटी निघाली तर तराजू येण्यापूर्वी तेथे चार ओळी लिहाव्यात. पाहायला आम्ही येऊ. त्या फिटरांच्या पेटीतील बहुतेक सर्व वस्तूंना धनी मिळाले. व्हिटवर्थ मापाचे सहा पाने तेवढे शिल्लक आहेत आणि सध्या आमच्या व्हरांड्यात पडून आहेत. कोणाकडे जुनी इंग्रजी मोटारसायकल चालू स्थितीत असल्यास त्यांनी सभा संपल्यावर कृपया भेटावे.