चाराची पट्टी, आठाची पट्टी

वाचकहो, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणे हा काही माझा धंदा नव्हे. तरीही आज चार शब्द बोलणार आहे ते कॉम्प्युटरच्या स्मृतीविषयी, म्हणजे आपण जिला रॅम म्हणतो तिच्याविषयी.

त्याचे असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी इंदापुरात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. त्याच्या कॉम्प्युटरात ४ जीबीची एकच पट्टी होती. दोन-चार पाने एकदम उघडली, की यंत्राला धाप लागायची. म्हणून त्याने ८ जीबीची दुसरी पट्टी आणून शेजारी बसवली. झाले! कधी पडदा काळाच राही, तर कधी अर्ज अर्ध्यावर आला की निळा पडदा येऊन सारे संपे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत दोन दिवसांवर आलेली, आणि दारात मुले उभी. कोणी तरी त्याला सांगितले, "चार आणि आठ एकत्र चालतच नाहीत. दोन्ही काढ, नवी जोडी घे." त्याने मला बारामतीला फोन केला, "सर, घेऊ का?" मी म्हटलं, "थांब जरा. पहिल्या एसटीनं येतो."

आता हे 'चालतच नाहीत' खरे का? नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या दोन्ही तालुक्यांच्या ओळखीचे आहे. एका वावराला दोन पाटांनी एकदम पाणी आले, तर भरणे लवकर उरकते की नाही? रॅमचेही तसेच. दोन सारख्या पट्ट्या असल्या, की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम माहिती घेतो. चार आणि आठ असल्या, तर अनेक मदरबोर्डांवर दोन्हींतले चार-चार जीबी अशा दुहेरी पाटाने चालतात आणि उरलेले चार एकेरी. वेग थोडा कमी मिळेल, पण काम अडत नाही. सारांश, आकार विषम असणे हा काही दोष नव्हे.

मग जुळायला काय हवे? पहिली गोष्ट पिढी. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्टीवरची खाच निराळ्या जागी असते, व्होल्टेजही निराळे. बसत नसेल तर जोर करू नका. दुसरी गोष्ट वेग. २४०० आणि २६६६ एकत्र बसवल्या, तर साधारणपणे दोन्ही २४०० नेच चालतात. बैलजोडीतला मंद बैल चाल ठरवतो, तसेच हे. तिसरी गोष्ट म्हणजे सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त 'रजिस्टर्ड' पट्ट्या साध्या डेस्कटॉपला चालत नाहीत. आणि चौथी, विंडोज ३२-बिट असेल तर ती चार जीबीच्या पलीकडचे वापरतच नाही. तिथे जास्तीची पट्टी म्हणजे पैसे पाण्यात.

हे सगळे आम्ही तपासले. सगळे जुळत होते. तरी यंत्र रुसलेलेच! तेव्हा मला आठवला जॉन स्टुअर्ट मिल. त्याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली. तिचे मर्म असे : बाकी सारे तसेच ठेवावे, एकच गोष्ट बदलावी आणि फरक कुठे पडतो ते पाहावे.

भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढली. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पट्ट्या कडेनेच धरल्या. आधी जुनी पट्टी एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये. सुरू! मग नवी एकटी, त्याच स्लॉटमध्ये. सुरू! म्हणजे दोन्ही निर्दोष. मग चांगली ठरलेली जुनीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, आणि पडदा काळा! चोर सापडला. वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या त्या स्लॉटमध्ये धूळ गच्च बसली होती. मऊ कोरड्या ब्रशने ती काढली, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक्‌ करून लागेपर्यंत पट्टी दाबली, आणि दोन्ही मिळून १२ जीबी दिसू लागले.

तरी लगेच अर्ज भरायला घेतले नाहीत. रात्रभर विंडोजमधली मेमरी तपासणी चालवली. कारण बघा, पूर्ण बंद पडणारे यंत्र परवडले. सदोष रॅम गुपचूप एखादा आकडा बदलून ठेवील, आणि एखाद्या पोराची शिष्यवृत्ती चुकीच्या खात्यावर अडकून पडेल. सकाळी तपासणीत एकही चूक निघाली नाही. मग दार उघडले, आणि मुदतीच्या आत सारे अर्ज गेले.

वाचकहो, आपल्याकडे दोन भिन्न गोष्टी शेजारी दिसल्या, की बिघाडाचे खापर आपण त्यांच्या भिन्नपणावर फोडून मोकळे होतो. नवी जोडी घेतली असती, तर तीही त्याच धुळीत बसली असती. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. एवढ्याला पैसा लागत नाही, थोडा धीर मात्र लागतो.