गोळी सुटल्यानंतरची बातमी



उपनगरांतल्या गुन्हे वार्ताहरांच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका डेस्कवाल्याला दिलंत, याचं मला अजून आश्चर्य वाटतंय. घटनास्थळी धावायचं तुम्ही, पोलिसांच्या दारात ताटकळायचं तुम्ही, आणि रात्री तुमच्या कॉपीतली चार वाक्यं उडवून वर मथळा चढवायचा आम्ही. त्यामुळे आज ज्या चुकांबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या निम्म्या तरी डेस्कच्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. विषय एकच आहे. गोळीबार झाला की बंदुकीबद्दल आणि अंगावरच्या जॅकेटबद्दल आपण काय छापतो?

12 ऑक्टोबर 2024, दसऱ्याची रात्र. वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर अनेक बातम्यांमध्ये एक आकडा झळकला: ‘9.9 एमएम पिस्तूल’. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, सगळीकडे तोच. जगभरातली पोलीस दलं वापरतात ते काडतूस 9 मिलिमीटरचं. आपल्याकडे सापडणारी बाकीची पिस्तुलं बहुतेक 7.65 ची. 9.9 मापाचं कुठलंही प्रचलित काडतूस मला ठाऊक नाही. कुणा ‘सूत्रा’च्या तोंडून निघालेला आकडा एकाने टिपला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला. ‘साहेब, 9.9 कसं काय?’ एवढा एक प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. आमदारकी, मंत्रिपद, पक्षांतर यांच्या तारखा आपण तीनतीनदा तपासतो. पिस्तुलाचं माप मात्र तपासायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

असंच दुसरं नेहमीचं वाक्य: ‘हल्लेखोराने रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या, घटनास्थळावरून पाच पुंगळ्या जप्त.’ रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरतं, पण रिकाम्या पुंगळ्या चक्रातच राहतात. माणूस स्वतः चक्र उघडून त्या काढत नाही तोवर त्या बाहेर पडत नाहीत. पिस्तूल मात्र प्रत्येक गोळीमागे पुंगळी बाजूला फेकतं. तेव्हा पळत्या हल्लेखोरामागे रस्त्यावर पुंगळ्या पडल्या असतील, तर हत्यार रिव्हॉल्व्हर असण्याची शक्यता फारच कमी. किंवा मग पंचनाम्यात काहीतरी गडबड आहे, आणि तीच खरी बातमी आहे. पण त्या वाक्यात बातमी दडली आहे हे कळायला हत्यार कसं चालतं ते माहीत असावं लागतं. पुंगळीच्या बुडाशी फायरिंग पिनचा ठसा उमटतो. गोळीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे पडतात. ते ठसे तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहणारी माणसं आपल्या शेजारी कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत बसतात. आपण ‘कालिन्याचा रिपोर्ट आला का’ एवढंच विचारतो. रिपोर्टात काय असतं, हे विचारायला फारसं कुणी जात नाही.

आता एके-47 कडे वळू. आपल्या मथळ्यांत ती कायम ‘अत्याधुनिक’ असते. नावातला 47 हा आकडा 1947 चा आहे. म्हणजे ही रायफल आपल्या स्वातंत्र्याच्या वयाची. उलट पोलिसांची थ्री-नॉट-थ्री ‘जुनाट’, ‘निकामी’, ‘खेळण्यातली’. जुनी आहेच ती, ली-एनफिल्ड घराणं 1895 पासूनचं. पण थ्री-नॉट-थ्रीची एक गोळी एके-47 च्या एका गोळीपेक्षा दीडपट ताकदीची असते. अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 740 मीटर वेगाने जाते. एके-47 ची गोळी आठ ग्रॅमची आणि वेग साधारण 715. फरक पडतो तो पुढच्या गोळीला. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट प्रत्येक वेळी हाताने मागेपुढे करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरच्याची तीस गोळ्यांची मॅगझिन रिकामी होऊ शकते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात सीएसटीवर नेमकं हेच घडलं. त्यात सरावाचा प्रश्न होता, दारूगोळ्याचा होता, आणि हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने पुढे त्याकडे बोटही दाखवलं. आपण मात्र ‘जुनाट बंदुका’ एवढ्यावर थांबलो. बंदूक नवी घेतली की प्रश्न मिटतो, हा समज त्यातूनच पसरला. नव्या बंदुकीचं उद्घाटन होतं, फोटो येतो. सरावाच्या गोळ्यांचं उद्घाटन करता येत नाही.

आता हेमंत करकरे यांच्या जॅकेटविषयी, कारण आजच्या भाषणाचं मूळ तिथे आहे.

त्याच रात्रीची ती दृश्यं तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतील. दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख करकरे सीएसटीजवळ उभे आहेत, डोक्यावर हेल्मेट चढवताहेत, जॅकेटचे पट्टे आवळताहेत. थोड्या वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत त्यांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. वाहिन्यांवर एकामागोमाग एक तीच दृश्यं फिरली, आणि काही दिवसांत साऱ्या महाराष्ट्राच्या मनात एक वाक्य पक्कं बसलं: जॅकेट निकृष्ट होतं म्हणून करकरे गेले.

जॅकेट म्हणजे काय, हे त्या दिवसांत फारसं कुणी लिहिलं नाही. साध्या, मऊ जॅकेटमध्ये अ‍ॅरामिड धाग्याच्या कापडाचे अनेक थर असतात. केव्हलार हे त्यातलं आपल्याला माहीत असलेलं नाव. पिस्तुलाची गोळी त्या थरांत चपटी होते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत वाटला जातो. रायफलची गोळी टोकदार, आणि तिचा वेग पिस्तुलाच्या दुप्पट. ती हे थर भेदून जाते. तिच्यासाठी जॅकेटच्या खिशात सिरॅमिकची किंवा पोलादाची पाटी घालावी लागते. ही पाटी हिशेबाच्या वहीपेक्षा फार मोठी नसते. छातीचा आणि पाठीचा मधला भाग तिने झाकला जातो. मान, काख, खांद्याचा वरचा भाग उघडाच राहतो. आणि गोळी अडली तरी दणका आत पोचतोच. अमेरिकी चाचणीत जॅकेटमागच्या मातीत 44 मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी जॅकेट पास होतं. म्हणजे पास झालेलं जॅकेटही बरगडी मोडू शकतं.

करकरे यांच्या शवविच्छेदनाबद्दल जे जाहीर झालं, त्यानुसार गोळ्या मान आणि खांद्याच्या भागात लागल्या होत्या. उत्तम प्रतीचं जॅकेटही तिथे पोचत नाही. ही माहिती आल्यावर आपला लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला: ‘मग जॅकेटचा वाद निरर्थक’. मला आक्षेप घ्यायचा आहे तो इथे. जॅकेटने जीव वाचला असता का, हा एक प्रश्न. पोलिसांच्या जॅकेटची खरेदी कशी झाली, चाचणी कुणी केली, हा पूर्ण वेगळा प्रश्न. आपण पहिल्याच दिवशी एका मथळ्यात दोन्हींची गाठ मारली. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तेव्हा दुसराही आपोआप निकालात निघाला. ज्यांना तो निकालात निघालेला हवा होता, त्यांचं काम आपणच सोपं केलं.

तो दुसरा प्रश्न धरून ठेवला करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांनी. माहितीच्या अधिकारात त्यांनी जॅकेट खरेदीची कागदपत्रं मागितली, आणि फाइलच जागेवर नसल्याचं 2009 मध्ये समोर आलं. त्याआधी खुद्द जॅकेटही रुग्णालयातून नाहीसं झालं होतं. ज्या पुराव्यावर साऱ्या देशाने मत बनवलं, तो कुणालाही तपासायला मिळाला नाही. एका शिक्षिकेने, पती गमावल्याच्या दुःखात असताना, जे काम केलं ते आपलं होतं. आणि हेही लक्षात घ्या की भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आयएस 17051 हे मानक आणलं ते 2018 मध्ये. म्हणजे 2008 साली ‘निकृष्ट’ म्हणायचं तर कोणत्या मोजमापाने, हाही एक प्रश्नच होता. तो तेव्हाच विचारला असता, तर दहा वर्षं लागली नसती, असं निदान मला वाटतं.

जॅकेटबद्दलची अशी गल्लत फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. अमेरिकेत मे 2022 मध्ये बफेलोच्या एका दुकानात दहा जणांना मारणाऱ्या तरुणाच्या अंगावर खरोखर चिलखत होतं. पहारेकऱ्याची गोळी त्याला लागली, पण ती अडली. त्यानंतर दहाच दिवसांनी टेक्सासमधल्या युवाल्डीत शाळेवर हल्ला झाला. हल्लेखोराने चिलखत घातल्याचं सुरुवातीला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात पाट्या ठेवायचं नुसतं जाकीट होतं, आत पाट्या नव्हत्याच. न्यूयॉर्क राज्याने घाईघाईने चिलखतविक्रीवर बंदीचा कायदा केला. त्याची व्याख्या मऊ जॅकेटपुरतीच होती. ज्या टणक पाटीच्या चिलखतामुळे कायदा करायची वेळ आली, तेच त्यातून सुटलं. नंतर दुरुस्ती करावी लागली.

आता आपल्या बोरिवलीकडे येतो. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या सरकारी रायफलने सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीणा आणि तीन प्रवाशांना मारलं, असा आरोप आहे. मृतदेह बोरिवली स्थानकात उतरवले गेले. तुमच्यातले काही जण त्या सकाळी तिथे फलाटावर होते. त्या दिवशीच्या बातम्यांत ‘अंदाधुंद गोळीबार’ होता. पण मृत सापडले ते बी-5 डब्यात, पँट्री कारमध्ये आणि एस-6 मध्ये. माणूस एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जातो, मध्ये शेकडो प्रवासी आहेत, आणि स्वयंचलित रायफल असूनही मोजक्याच गोळ्या झाडतो. याला अंदाधुंद म्हणता येत नाही. पुढे गुन्ह्यात दोन समाजांत शत्रुत्व पसरवण्याचं 153-अ कलम लागलं. हत्यार कसं चाललं, किती गोळ्या, कुठे, कुणावर, एवढं पहिल्याच दिवशी लिहिलं असतं, तर कलम लागण्याची वाट पाहावी लागली नसती. निकाल न्यायालय देईल, पण घडलेलं नीट मांडायला निकालाची गरज नसते.

आपल्याच घरातलं चांगलं उदाहरण द्यायचं तर गुन्हे वार्ताहर ज्योतिर्मय डे. 11 जून 2011 ला पवईत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. अंडरवर्ल्डची बातमी तपशिलावर उभी राहते, हे त्यांनी आपल्यातल्या कित्येकांना कामातून शिकवलं. त्यांच्या बातमीत हत्यार आलं तर कोणतं, कुठून आलेलं, हे त्याच ओळीत असायचं.

मला ठाऊक आहे की तुम्ही म्हणाल, ‘अध्यक्षमहोदय, सव्वाअकराला कॉपी द्यायची असते, तेव्हा आम्ही आट्या मोजत बसू का?’ नका बसू. माहीत नसेल तर ‘बंदूक’ लिहा, ‘पिस्तुलासारखं शस्त्र’ लिहा. मी कापणार नाही. पण माप लिहाल तर कुणी सांगितलं ते लिहा, आणि कालिन्याचा अहवाल आला की पहिली बातमी काढून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जॅकेटची बातमी असेल तर तीन गोष्टी विचारा: पाटी होती का, कोणत्या मानकाची, आणि गोळी कुठे लागली. तिन्ही मिळेपर्यंत ‘निकृष्ट’ हा शब्द मथळ्यात चढवू नका. आमचा एखादा उत्साही उपसंपादक चढवेल, तर त्याला माझ्या नावाने फोन करा.

संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी अध्यक्ष नसला तरी चालेल. त्याऐवजी शस्त्रविभागात आयुष्य काढलेला एखादा निवृत्त तज्ज्ञ बोलवा, टेबलावर चार पुंगळ्या आणि एक कापलेलं जॅकेट ठेवा, आणि दुपारभर प्रश्न विचारू द्या. मी पहिल्या रांगेत बसेन. आता पुढच्या सत्राला उशीर होतोय, तेव्हा इथेच थांबतो.